‘सिंपल’ मुलगा आणि गंगेवरचा गवळीवाडा

गेल्या अंकात ‘कोशात शब्दाचा अर्थ सापडतो, स्वभाव सापडत नाही’ असं एक वाक्य मी लिहून गेले आणि महिनाभर त्याचं व्याज फेडते आहे. समोर पत्रांचा गठ्ठा आहे आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: व्याकरण चोख, स्पेलिंग बिनचूक, शब्द कोशातून पारखून घेतलेला, तरी समोरचा इंग्रजीभाषक बिचकतो, गालात हसतो नाहीतर दुखावतो. पहिल्या पत्राला मी जरा जास्तच जागा दिली आहे. संपादक कुरकुरतील, पण त्या पत्रात माझंच जुनं दुखणं आहे.

प्रश्न : परदेशातल्या एका सहकाऱ्याची ओळख करून देताना मी कौतुकाने त्याला ‘कनिंग’ म्हटलं. माझ्या कोशात ‘चतुर’ असा अर्थ आहे. तो हसला, पण नंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. ‘क्लेव्हर’, ‘श्रूड’, ‘कनिंग’, ‘स्लाय’ या सगळ्यांपुढे कोशात थोड्याफार फरकाने तेच शब्द दिले आहेत. मग कुठला कुठे वापरायचा हे ओळखायचं कसं?

बिनसलं ते ‘कनिंग’मुळेच, याबद्दल मला शंका नाही. तुमच्या कोशाने खोटं सांगितलं नाही, फक्त अर्धं सांगितलं.

माझी गोष्ट ऐका. अनुवादाच्या कामाला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका मुलाच्या शिफारसपत्राचं इंग्रजी करायचं होतं. मूळ वाक्य होतं, ‘मुलगा साधा, सरळ आणि कष्टाळू आहे.’ मी झोकात लिहिलं, ‘ही इज अ सिंपल, स्ट्रेट अँड हार्डवर्किंग बॉय.’ पंधरा दिवसांनी पलीकडून अतिशय अदबशीर चौकशी आली: मुलाला शिकताना विशेष मदत लागते का, लागत असल्यास कोणत्या प्रकारची? पत्र तीनदा वाचूनही मला उलगडा होईना. शेवटी एका अनुभवी सहकारी बाईंनी माझ्या ‘सिंपल’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, ‘अगं, तू त्याला मंदबुद्धी ठरवलंस.’

‘सिंपल’ हा शब्द उपायाला लावा, पोशाखाला लावा, राहणीला लावा, तो गोडच राहतो. माणसाला लावला की त्याला वेगळाच वास येतो: डोक्याने जरा कमी. आपल्या ‘साधा’मध्ये गर्व नाही, छक्केपंजे नाहीत अशी शाबासकी आहे. इंग्रजीत ती द्यायची तर ‘मॉडेस्ट’ किंवा ‘अनअझ्युमिंग’कडे जावं लागतं. (‘स्ट्रेट’बद्दल तर बोलायलाच नको. माणसाला लावलेल्या ‘स्ट्रेट’चा आज चटकन कळणारा अर्थ त्याच्या लैंगिक कलाबद्दलचा आहे. तेव्हा ते कोणी काढलं नाही, हे माझं नशीब.)

आता मराठीत बघा. एकच घटना: माणूस जिवंत राहिला नाही. त्यासाठी आपण गेले, वारले, निवर्तले, कालवश झाले, मेला, खपला, गचकला असं काय काय म्हणतो. शेजारच्या आजोबांबद्दल ‘काल गचकले’ म्हणणाऱ्या माणसाला मराठी येत नाही असं आपण म्हणणार नाही, माणुसकी येत नाही असं म्हणू. हा फरक तुम्हाला कोणत्या शिक्षकाने शिकवला? कोणीच नाही. कोण, कुठे, कोणत्या तोंडाने काय बोललं हे ऐकत ऐकत तो अंगात मुरला. इंग्रजीतही ‘पास्ट अवे’, ‘डाइड’, ‘पेरिश्ड’, ‘क्रोक्ड’, ‘किक्ट द बकेट’ अशी हीच उतरंड आहे. फक्त ती आपण ऐकत मोठे झालो नाही, एकेक शब्द पाठ करत मोठे झालो.

तुमच्या चार शब्दांकडे येते. ‘क्लेव्हर’ म्हणजे हुशार. साधारणपणे कौतुक, पण ब्रिटिश तोंडी ‘टू क्लेव्हर’ झालं की आगाऊ. ‘श्रूड’ म्हणजे व्यवहारातलं मर्म ओळखणारा. धंद्यातल्या किंवा राजकारणातल्या माणसाला ते आवडतं, पण जावयाची ओळख ‘श्रूड’ अशी करून देऊ नका. ‘कनिंग’मध्ये डाव आहे, कोणाला तरी फसवण्याची तयारी आहे. ‘स्लाय’मध्ये ते सगळं आहे आणि वर चोरटेपणा आहे. मराठीत हुशार, चाणाक्ष, कावेबाज, लबाड. तुम्ही मित्राला सगळ्यांसमोर कावेबाज म्हणालात. गंमत म्हणजे ‘कनिंग’ जन्माने सज्जन आहे. ‘जाणणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून तो आला आणि एके काळी त्याचा अर्थ जाणता, ज्ञानी असा होता. पण शब्दाचं कुळ चांगलं असून भागत नाही.

ओळखायचं कसं, तर मी एक चाचणी वापरते. ती माझी नव्हे, ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांची. 1948 मध्ये बीबीसीच्या रेडिओवरच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ कार्यक्रमात त्यांनी एक क्रियापद चालवून दाखवलं. मराठीत साधारण असं होईल: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो आडमुठा मूर्ख आहे. वागणं तिघांचं एकच. बदलतो तो बोलणाऱ्याचा पक्ष. ‘फर्म’, ‘ऑब्स्टिनेट’, ‘पिग-हेडेड’. नवा शब्द भेटला की मी आधी तो स्वतःला लावून बघते. स्वतःला ‘थ्रिफ्टी’ म्हणवून घ्यायला मला आवडेल, ‘स्टिंजी’ नाही. मी ‘क्युरिअस’ असते, शेजारीण ‘नोझी’ असते. मी ‘स्लेंडर’, मैत्रीण ‘थिन’ आणि जिच्याशी बोलणं बंद आहे ती ‘स्क्रॉनी’. स्वतःला लावताना जीभ अडखळली तर दुसऱ्याला लावण्याआधी थांबावं.

पण ही चाचणी तेव्हाच चालते, जेव्हा जीभ कुठे अडखळावी हे जिभेला माहीत असतं. तुमची ‘कनिंग’वर अडखळली नाही. तेव्हा शब्दाची संगत बघायची. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाचं 1957 मधलं एक वाक्य या विषयात सतत सांगितलं जातं: शब्द ओळखावा तो त्याच्या सोबत्यांवरून. पुढे जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात कॉम्प्युटरवर कोट्यवधी शब्दांचं खरंखुरं, वापरातलं इंग्रजी साठवलं आणि त्यावरून ‘कोबिल्ड’ हा कोश 1987 मध्ये निघाला. त्या साठ्यात चाळताना अगदी निरुपद्रवी शब्दांचीही खोड दिसायला लागली. ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन ठाण मांडणं. कोशात एवढंच. पण प्रत्यक्षात ‘सेट इन’ कोण होतं? कुजणं, निराशा, जंतुसंसर्ग, कडाक्याचा हिवाळा. आनंद क्वचितच ‘सेट इन’ होतो. ‘कॉज’चंही तेच. आपण ‘कारणीभूत होणे’ म्हणून शिकलो, पण त्याच्या मागे येतात ते त्रास, नुकसान, मृत्यू, काळजी. ‘शी कॉज्ड मी ग्रेट हॅपिनेस’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आनंद झाला तो अपघातात झाला.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शब्द वाईट माणसांत राहून राहून वाईट होतात. (आपला ‘कारणीभूत’ तरी कुठे चांगल्या घरात जातो? ‘माझ्या यशाला आई कारणीभूत आहे’ असं लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार.)

हे साठे आता कोणालाही चाळता येतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये 10 कोटी शब्द आहेत, अमेरिकन इंग्रजीच्या ‘कोका’ या कॉर्पसमध्ये 100 कोटींहून जास्त. शब्द टाकायचा आणि पुढे येणाऱ्या ओळींतल्या पहिल्या वीस वाचायच्या. वीसच. ‘कनिंग’च्या वीस ओळींत तुम्हाला कोल्हे, कारस्थानं आणि शत्रू भेटले, तर मित्राला त्या घोळक्यात उभं करायचं की नाही ते तुम्हीच ठरवाल. मी एक वही ठेवते. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर अर्थ न लिहिता त्याचे चार सोबती. ‘नोटोरिअस’ : गुन्हेगार, तुरुंग, वाहतूक कोंडी, खोटारडा. एवढं वाचल्यावर कोणाही प्राध्यापकांना ‘नोटोरिअस स्कॉलर’ म्हणायची हिंमत होणार नाही. कोशात तिथे ‘प्रसिद्ध’ लिहिलं असलं तरी.

आणखी एक खूण इतिहासातून मिळते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बसली. चर्चमधली आणि विद्येची लॅटिन होतीच. त्यामुळे कित्येक कल्पनांना इंग्रजीत तीन मजली घर आहे. तळमजल्यावर जुना देशी शब्द, वर फ्रेंच, त्यावर लॅटिन. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’. आई ‘आस्क’ करते, वकील ‘क्वेश्चन’ करतो, पोलीस ‘इंटरॉगेट’ करतात. मजला चढत जावं तसा गारवा वाढतो. ‘हार्टी वेलकम’मध्ये मिठी आहे, ‘कॉर्डिअल रिसेप्शन’मध्ये हस्तांदोलन, आणि दोन्ही शब्दांच्या मुळाशी हृदयच आहे. आपल्याला हे नवं नाही. पाणी प्यायचं असतं, जल अर्पण करायचं असतं आणि उदक सोडायचं असतं.

सहकाऱ्याला एक ओळ लिहून टाका: ‘क्लेव्हर’ म्हणायचं होतं. तो खरंच हसेल.

प्रश्न : इंग्रजी कादंबरी वाचताना वाक्य शब्दशः घ्यायचं की लाक्षणिक, हे कळत नाही. एका पात्राबद्दल ‘ही हॅड अ चिप ऑन हिज शोल्डर’ असं होतं. ‘चिप’ म्हणजे लाकडाची ढलपी, म्हणून मी त्याला सुतार समजून चाळीस पानं वाचली.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि घरातले सगळे हसले. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तुम्ही अगदी शास्त्रशुद्ध वागलात.

काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ अडल्यावर धरलेला अर्थ) आणि व्यंजना (नुसता सुचणारा अर्थ). लक्षणेचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळीवाडा. नदीच्या प्रवाहावर वाडा बांधता येत नाही, म्हणजे सरळ अर्थ अडतो. त्याला मुख्यार्थबाध म्हणतात. अडला की मन त्याच्या शेजारचा अर्थ धरतं: गंगेच्या काठावर. आणि ‘काठावर’ असं सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे गारवा आणि पावित्र्य जे आपोआप जाणवतं, ती व्यंजना. लक्षणा मानायला मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने तीन अटी घातल्या आहेत: मुख्य अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा त्याच्याशी काही संबंध पाहिजे, आणि त्यामागे रूढी तरी हवी नाहीतर काही हेतू हवा. नऊशे वर्षांपूर्वीचं हे हत्यार इंग्रजी कादंबरीला बिनदिक्कत लावा. मी लावते.

तुमची गोची अशी झाली की मुख्यार्थ अडलाच नाही. खांद्यावर ढलपी असू शकते, त्यामुळे धोक्याची घंटा वाजली नाही. शिवाय ती ढलपी एके काळी खरी होती. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत भांडायला उतावीळ झालेली पोरं खांद्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ‘पाड बघू’ असं आव्हान द्यायची. जो पाडेल त्याच्याशी मारामारी. आज अर्थ उरला तो असा: जुना सल मनात धरून सतत भांडणाच्या पवित्र्यात असलेला माणूस. आता ती चाळीस पानं पुन्हा वाचा. सुतार अगदी वेगळाच माणूस निघेल.

सरळ अर्थ अडत नसेल तेव्हा दोन गोष्टींकडे बघते. पहिली, ती वस्तू पुढे कुठे उपयोगाला येते का? खरी ढलपी असती तर लेखकाने ती कुठेतरी झटकली असती, तिचा भुसा अंगावर पडला असता. उल्लेख एकदाच येऊन हरवला तर ती वस्तू बहुधा नव्हतीच. दुसरी, वाक्प्रचार आखडलेले असतात. ‘ही किक्ट द बकेट’ म्हणजे तो मेला. पण ‘ही किक्ट अ बकेट’ म्हटलं की खरोखरची बादली लवंडते, आणि ‘द बकेट वॉज किक्ट बाय हिम’ म्हटलं तरी माणूस जिवंतच राहतो. आपल्याकडेही ‘त्याने हात टेकले’ आणि ‘त्याने दोन्ही हात टेकले’ यात फरक पडतोच. पहिला हरला, दुसरा बहुधा ओणवा झाला.

बाकी, सुट्या वाक्प्रचारांची यादी पाठ करू नका. त्यांच्या मागचं चित्र शोधा. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये दाखवून दिलं की रूपकं एकेकटी येत नाहीत, कुळं करून राहतात. इंग्रजीत वेळ म्हणजे पैसा: तो ‘स्पेंड’ होतो, ‘सेव्ह’ होतो, ‘वेस्ट’ होतो, ‘इन्व्हेस्ट’ होतो. एक नातेवाईक ओळखला की सगळं गोत ओळखू येतं. मराठीतला वेळ जास्त घरगुती आहे. तो काढतात, घालवतात, मारून नेतात आणि दुसरा कोणी येऊन खातो. ‘ही एट माय टाइम’ मात्र इंग्रजीत म्हणू नका, कारण त्यांच्या वेळेला चव नाही.

आणि जिथे दोन्ही भाषांत तीच वस्तू आहे तिथे दुप्पट सावध. इंग्रजीतलं घुबड शहाणं असतं, आपलं अभद्र. एखाद्या बाईला तिथे ‘काऊ’ म्हणणं ही शिवी आहे. इथे ‘गरीब गाय’ म्हटलं तर कणव. इंग्रजीतला हिरवा माणूस मत्सराने पेटलेला असतो नाहीतर अगदी नवखा. मराठीतला हिरवट माणूस काय असतो ते मी या पानावर लिहीत नाही.

प्रश्न : आमच्या ब्रिटिश साहेबांनी माझ्या अहवालावर ‘क्वाइट गुड’ आणि दुसऱ्या एका सूचनेवर ‘इंटरेस्टिंग’ असा शेरा दिला. मी खूश झाले, पण माझी वरिष्ठ सहकारी म्हणते, खूश होऊ नकोस.

सहकारी अनुभवी दिसते. अमेरिकन माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर त्याचा अर्थ बहुधा ‘छानच’. ब्रिटिश माणूस म्हणाला तर बहुधा ‘ठीक आहे, पण’. बोलताना जोर कुठे पडतो त्यावर सगळं ठरतं. जोर ‘क्वाइट’वर असेल तर कौतुक कमी होतं, ‘गुड’वर असेल तर वाढतं. कागदावर जोर दिसत नाही, म्हणून लेखी ‘क्वाइट गुड’ला मी ‘बरं आहे’ समजते. उलट ‘क्वाइट परफेक्ट’, ‘क्वाइट इम्पॉसिबल’ अशा टोकाच्या विशेषणांपुढे तोच ‘क्वाइट’ म्हणजे ‘पूर्णपणे’. आणि ‘नॉट बॅड’, ज्याने तुम्ही कदाचित हिरमुसल्या असत्या, त्यात खरी शाबासकी असते.

‘इंटरेस्टिंग’ एकटाच आला असेल, पुढे एकही प्रश्न नसेल, तर तो आपल्या ‘बघू’चा भाऊ आहे. ‘बघू’ म्हणणारा माणूस पुन्हा कधी बघत नाही हे आपण जाणतो, तरी ‘बघू म्हणाले’ असं घरी सांगतो.

ही सौम्य बोलण्याची खोड नुसती गमतीची नाही. कोरियाच्या युद्धात, एप्रिल 1951 मध्ये, इम्जिन नदीवर ब्रिटनच्या ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी शत्रूच्या प्रचंड फौजेने घेरली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी आपल्या अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती कळवली ती ‘अ बिट स्टिकी’ अशी, म्हणजे जरा कठीण आहे. ब्रिटिश कानाला त्यातली हाक ऐकू आली असती. अमेरिकन कानाला ऐकू आलं की अडचण आहे, पण निभावतंय. मदत वेळेवर पोचली नाही. तुकडीतले मोजकेच निसटू शकले, बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले, आणि त्या दोन शब्दांची गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

व्यंजनेचं जुनं उदाहरण आठवतं का? ‘सूर्य मावळला.’ गुराख्याला त्याचा अर्थ गुरं वळव, चोराला अर्थ कामाला लाग, अभिसारिकेला अर्थ निघायची वेळ झाली. वाक्य तेच, ऐकणारा कोण त्यावर अर्थ. तुमच्या साहेबांना एवढंच विचारा, ‘यात काय बदलू?’ ते जी यादी देतील तिच्या लांबीवरून त्यांचं ‘क्वाइट गुड’ काय होतं ते कळेल.

प्रश्न : ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नये असं वाचलं. का?

‘शंका’चं शब्दशः इंग्रजी केलं म्हणून. आपल्या ‘शंका’त विद्यार्थ्याचा प्रश्नही बसतो आणि संशयही. ‘डाउट’मध्ये मुख्यतः संशय. भारतीय इंग्रजीत हे रुळलेलं आहे आणि आपसात खुशाल म्हणा. बाहेरच्या वक्त्याला म्हणालात तर त्याला वाटेल, याला माझं बोलणं खोटं वाटतंय. ‘क्वेश्चन’ म्हणा.

प्रश्न : ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ या वाक्प्रचाराचा उगम असा वाचला की पूर्वी गवताच्या छपरात कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. हे खरं का?

नाही. ही कथा 1999 च्या सुमारास ई-मेलमधून फिरलेल्या एका गमतीदार मजकुरातून पसरली. कुत्रं छपरावर कशाला झोपेल, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. वाक्प्रचार जुना आहे, जोनाथन स्विफ्ट यांच्या 1738 मधल्या लेखनात तो याच रूपात सापडतो, पण उगम कोणालाही सिद्ध करता आलेला नाही. गोष्ट जितकी गोंडस तितका माझा संशय जास्त.

खरी व्युत्पत्ती पुष्कळदा गोंडस नसते. ‘डेडलाइन’ घ्या. अमेरिकन यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तीच ही डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून तिला वेळेचा अर्थ आला. आमच्या संपादकांना हे कळवलं आहे.

प्रश्न : वर्गात मी शिकवते की ‘अॅज’ किंवा ‘लाइक’ असेल तर सिमिली, म्हणजे उपमा. एका मुलीने विचारलं, ‘शी इज अॅज टॉल अॅज हर सिस्टर’ हीसुद्धा सिमिली का? मला उत्तर देता आलं नाही.

मुलगी हुशार आहे. (‘क्लेव्हर’. वर बघा.) नाही, ही सिमिली नाही. ही मोजणी आहे. बहिणीची उंची बहिणीशी मोजली, दोघी एकाच जातीच्या. उपमेला दोन वेगळ्या जाती लागतात: मुलगी आणि अशोकाचं झाड. ‘अॅज’ शोधून खूण करायला शिकवलं की मुलं ‘अॅज’ शोधतात, उपमा शोधत नाहीत. तिला विचारा, ‘बहिणीच्या जागी काय ठेवलंस तर चित्र दिसेल?’ ती जे सांगेल ती सिमिली. आणि ‘अॅज क्लिअर अॅज मड’ तिच्यापुढे ठेवून बघा, चिखलाइतकं स्पष्ट. तिथे तिला व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेली निंदा, सापडते का, ते मला कळवा.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही ‘फुलसम प्रेझ’चा अर्थ ‘भरभरून स्तुती’ दिलात. माझ्या माहितीप्रमाणे तो तोंडदेखल्या, किळस येईल अशा स्तुतीसाठी वापरतात.

पकडलंत. शब्दाच्या स्वभावावर दोन पानं लिहिणाऱ्या बाईने नेमका दुतोंडी शब्द घ्यावा, हे व्हायचंच होतं. मूळ अर्थ ‘भरपूर’ हाच, नंतर तो ‘ओकारी येईल इतका’ असा घसरला, आणि आता बरेच लोक पुन्हा पहिल्या अर्थाने वापरतात. म्हणजे अर्धे वाचक खूश होणार, अर्धे नाक मुरडणार. अशा शब्दाच्या भांडणात आपण कशाला पडा? ‘लॅव्हिश’ किंवा ‘जेनरस’ लिहा. शुद्धिपत्र छापायला सांगितलं आहे.

हे सदर लिहून संपादकांकडे पाठवलं, तेव्हा त्यांचा फोनवर निरोप आला: ‘क्वाइट गुड’. लेखी आहे. जोर कुठे होता, ते विचारायला मी उद्या जाणार आहे.